मजला, माडी आणि खुणेचं हॉटेल

कोपनहेगनमधल्या एका हॉटेलावरचा लेख मराठीत करतोय. डॅनिश वास्तुरचनाकार आर्ने याकोबसेननं आखलेलं, 1960 साली सुरू झालेलं, 22 मजली. खाली बसकी, पसरट इमारत आणि तिच्यावर काचेचा सरळ ठोकळा. दाराच्या मुठीपासून खुर्च्यांपर्यंत सगळं त्याच्याच हातचं. अंड्याच्या आकाराची प्रसिद्ध खुर्ची याच हॉटेलासाठी केलेली. 606 नंबरची खोली अजून मूळ रूपात ठेवलीय. अडलंय ते 'लँडमार्क' या शब्दापाशी, मराठीत काय म्हणावं? 'सीमाचिन्ह' लिहिलं की शेताचा बांध आठवतो. 'हॉटेल'चीही पंचाईतच. आईला त्या शब्दानं चहा-भजी दिसतात. राहायचं ते 'लॉज'.

परभणीकर : आपल्याकडं पत्ता विचारताना "खूण काय तिथली?" असंच म्हणतात की. 'खुणेची इमारत' लिहा. 'गगनचुंबी' मात्र नको, वर्तमानपत्रांनी चार मजल्यांनाही वापरून तो शब्द पार झिजवलाय.

– 'खुणेची' पटलं. 'टोलेजंग' कसा वाटतो?

परभणीकर : टोलेजंग म्हटलं की वाडा येतो डोळ्यांपुढं. आडवा, अवाढव्य, जाड भिंतींचा. काचेच्या सडसडीत इमारतीला तो शोभत नाही.

दौलताबादजवळची : मला 'मजला' शब्दाचं नवल वाटतं. आमच्या किल्ल्यातल्या चांदमिनारला चार मजले आणि उंची सुमारे 63 मीटर. तुमचं हॉटेल 22 मजले चढून 70 मीटरच्या आसपासच! म्हणजे मजल्यांवरून उंची कळतच नाही. शब्द अरबीतला, 'मंझिल'च्या कुळातला. मूळ धातूचा अर्थ उतरणं, मुक्कामाला थांबणं. 'मजल दरमजल' मधली मजल त्याच घरची. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, ते 'दो मंजिला मकान' म्हणायचे. तेव्हा हॉटेलाला मजले मोजणं म्हणजे मुक्कामावर मुक्काम रचणंच झालं.

– वा! हे सुचलंच नव्हतं. 'माडी' तर आता बादच. माडी एकच असते, खाली माळवद आणि वर माडी. 22 माड्या कुणी ऐकल्यात?

परभणीकर : मुंबईकर 'माळे' म्हणतील.

– म्हणू देत. मी लिहिलं : 'बावीस मजल्यांचं हे मुक्कामाचं हॉटेल शहराची खूण झालं.' आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्या वर चहा नेतं कोण?"