मदत हवी आहे: तांबोशीचा थवा सापडतो, गळाला लागतो, पण वर येईना गेलाय

येलदरीकाठ (परभणी)
मालवणहून बोटीनं बाहेर खडकावर जायलोत. तांडेल (बोट चालवणारा) बरोबर जागेवर नेतो. फिश फाइंडरवर खडकाच्या माथ्यावर दाट थवा दिसतो, आणि तांबोशीच आहे, कारण एक-दोन वर आल्यात. बाकी सगळ्या जायल्यात. टोच लागते, ओढतो, मासा दोन-तीन हात वर येतो आणि फिरून दगडात घुसतो. तंगूस (गळाची दोरी) तुटतो, नाहीतर गळ अडकून बसतो. शेजारच्या बोटीवर पटापट निघत होत्या, डोळ्यांनी बघितलंय. परत जायचंय, बोट ठरलीय, चौघांच्या रजा मंजूर आहेत. काय बदलू तेवढं सांगा. समुद्रात संयम लागतो वगैरे नको, संयम आहे.

गोदातीर (पैठण)
भाऊ, किती खोल? दोरी कोणती? बोट नांगरावर होती का वाहती? शिसं किती? तिथी कोणती? यातलं एक पण लिहिलं नाही. कसं सांगायचं?

येलदरीकाठ
खोल होतं. दोरी चांगलीच आहे, याच दोरीनं येलदरीत आठ किलोचा कटला काढलाय. नांगरावर होतो. आमिष बांगडा.

जिगवाला (छत्रपती संभाजीनगर)
आमिष सोडा. १२० ग्रॅमचा जिग (धातूचं नकली आमिष) घ्या, तळाला टेकवा, दोन-तीन वेढे गुंडाळा, परत सोडा. बांगड्याच्या फोडीला आधी बारकी पोरं येतात, मोठा मासा मागं राहतो. मी आता बोटीवर आमिष नेतच नाही.

कुडाळची लेक (लातूर)
दादा, जिगानं मिळतात, नाही म्हणत नाही. पण नांगरावर असताना खडकावर जिग नाचवला की दर दोन टाकीला एक अडकतो, आणि एका जिगाच्या पैशात दिवसभराचं आमिष येतं. माझे वडील आणि काका आयुष्यभर गरवायला गेले ते माकूल (स्क्विड) आणि ताज्या तारलीवर. बांगडा मऊ, बारके मासे टोचून टोचून तो नेतात आणि आपल्या हातात रिकामी गरी (गळाचा आकडा). माकूल चिवट, गरीवर टिकतं. येलदरीकाठ, माकूल घ्या, तेही आदल्या रात्रीचं नको.

जिगवाला
ताई, तुमच्या काकांच्या वेळी असले जिग मिळत नव्हते.

कुडाळची लेक
मासे तेच आहेत.

सेलूकर
मासा परभणीपर्यंत कसा आणायचा ते सांगतो. बोटीवरच कल्ले आणि आतडी काढा. बर्फात समुद्राचं पाणी घालून त्यात बुडवा, नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होतो. निघताना ते पाणी काढून कोरडा बर्फ भरा आणि वितळलेलं पाणी वाटेत सोडत राहा. पाण्यात पडून राहिला की मांस पिलपिलं होतं. आणि मार्गशीर्ष लागायच्या आत जाऊन या, नंतर घरात कोणी हात लावणार नाही.

येलदरीकाठ
काका, आधी मासा वर येऊ द्या. गोदातीर, तांडेल अठरा वाव म्हणाला. तंगूस ०.४० मिमीचा. शिसं आठवत नाही, मधे मधे तळ लागत नव्हता. तिथीचा काय संबंध?

गोदातीर
आता बोलता येतं. अठरा वाव म्हणजे सुमारे ३३ मीटर. नायलॉन तंगूस तुटायच्या आधी पंचमांशापर्यंत सहज लांबतो, म्हणजे पूर्ण ताणावर तुमची दोरी सहा-साडेसहा मीटर वाढते. तुम्ही वर ओढताय आणि खाली मासा जागेवरच आहे. त्याला दगड गाठायला तेवढा वेळ भरपूर झाला. येलदरीत खाली गाळ आहे, कटला मोकळ्या पाण्यात पळतो, तिथं ताण चालतो, उलट उपयोगी पडतो. तांबोशीला पहिले दोन मीटर द्यायचेच नाहीत. ब्रेडची (विणलेली) दोरी घ्या, चाळीस पौंडी. ती लांबत नाही. पुढं दोन-अडीच मीटर साठ पौंडी फ्लोरोकार्बन (घासायला टिकणारा तंगूस), कारण ब्रेड दगडाला घासला की लगेच तुटतो. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सुरुवातीपासून घट्ट.

आणि तिथी सांगा. तळ लागत नव्हता म्हणता, म्हणून विचारतोय.

येलदरीकाठ
पौर्णिमा होती. आता अमावस्येच्या आदल्या दिवशी जायचंय.

कुडाळची लेक
दोन्ही वेळा उधाण! पाणी इतकं पळतं की शिसं तिरकं जातं, दोरीला पोट पडतं, मग ब्रेड असला तरी काय ओढणार? अष्टमीच्या मागं-पुढं भांगाची भरती असते, पाणी संथ. तेव्हा जा.

येलदरीकाठ
ताई, चौघांच्या रजा आहेत. तारीख हलणार नाही.

गोदातीर
नका हलवू. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्दशी म्हणजे १४, पाऊणपट साडेदहा. सकाळी साडेदहाच्या आसपास पूर्ण भरती, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. मालवणला थोडं पुढंमागं होईल, तांडेल सांगेल. पाणी वळतं तेव्हा थोडा वेळ थांबतं, त्याच वेळी गळ खाली पाहिजेत, जेवणाचे डबे तेव्हा उघडू नका. बाकी वेळ २०० ते २५० ग्रॅम शिसं. नांगर खडकाच्या नेमका वर नको. प्रवाह ज्या बाजूनं येतो तिकडं टाकायला सांगा, आमिष वाहत थव्याच्या तोंडापुढं गेलं पाहिजे. शिसं टेकलं की लगेच दोन-तीन हात वर उचला. मासा वर येऊन घेतो, तिथून दगड लांब पडतो.

जिगवाला
ब्रेडचं मी पण हेच सांगणार होतो. टोच लागली की जोरात झटका द्या.

कुडाळची लेक
गोल गरी (टोक आत वळलेली, सर्कल हुक) असेल तर झटका अजिबात नको, तोंडातून निसटते. नुसतं गुंडाळत राहायचं, ती आपोआप कोपऱ्यात बसते. कुठली गरी आहे ते आधी विचारा की.

नांदेडकर
बोट नेमकी कुठं जाते? सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. गाभा क्षेत्रात गळ टाकता येत नाही.

येलदरीकाठ
किल्ल्याजवळ नाही, दीड तास बाहेर. गरी गोल आहे, झटके देत होतो. बारक्या तांबोशी आल्या तर सोडायच्या का? मागच्या वेळी सोडलेली उलटी तरंगत राहिली.

गोदातीर
३३ मीटरला पृष्ठभागाच्या चौपटीहून जास्त दाब असतो. वर आणला की पोटातल्या वायुपिशवीतली हवा तितकीच फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं. ते बाहेर आलेलं टोचू नका. जबड्याला शिसं लावलेला उलटा, बिनकाट्याचा गळ अडकवून मासा खाली सोडा आणि तळाजवळ हिसका द्या, सुटून जातो. आणि बारक्याच लागायला लागल्या तर जागा बदला. एवढ्या खोलातून आणून सोडण्यात अर्थ नाही.

येलदरीकाठ
ब्रेड आज मागवतो. फ्लोरोकार्बनला गाठ कोणती? मागच्या वेळी गाठ रॉडच्या कड्यांत अडकत होती.

जिगवाला
एफजी. बारीक बसते, कड्यांतून सरळ जाते. घरी बसून बांधा, हलत्या बोटीवर जमत नाही. बांधून झाली की ओली करून दोन्ही हातांनी जीव लावून ओढा. घसरली तर परत बांधा.

सेलूकर
येलदरीत सध्या कटला कशावर घेतोय?