मदत हवी आहे: सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, पण आम्ही पुराच्या निळ्या रेषेच्या आत की बाहेर हेच कळत नाहीये (सिंहगड रोड, पुणे)

मुठेकाठची_मीनल

नमस्कार मंडळी. आईबाबा सिंहगड रोडला नदीच्या बाजूला राहतात, तीन मजली बिल्डिंग, १९९४ ची, आमचा फ्लॅट तळमजल्यावर. २५ जुलै २०२४ ला पहाटे पाणी घरात शिरलं तेव्हा मी कोथरूडला होते, बाबांचा फोन आला की आईला वरच्या काकूंकडे नेलंय, तू येऊ नकोस रस्ता बंद आहे. दोन दिवसांनी गेले तर गाद्या, मिक्सर, देव्हाऱ्याचा खालचा कप्पा, सगळं चिखलात, आणि खालच्या टाकीत तोच चिखल भरलेला. फ्रीजच्या मागच्या भिंतीवर पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथे बाबांनी पेन्सिलने रेघ मारून खाली तारीख लिहिलीय, फरशीपासून ३ फूट १० इंच. रंगकाम झालं तरी तेवढी जागा त्यांनी रंगवू दिली नाही.

आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय. बिल्डरने मीटिंगमध्ये सांगितलं की नवीन बिल्डिंगला खाली पार्किंग येणार, लोक सगळे वर, त्यामुळे पुराचा प्रश्न मिटला. मी विचारलं पूररेषेचं काय, तर म्हणाले मॅडम ते आम्ही बघतो, एनओसी मिळते. सगळ्यांना जास्तीचा कार्पेट एरिया दिसतोय, तिथे मीच एकटी शंकेखोर ठरतेय. माझं डोकं अडकलंय ते असं की आपला प्लॉट निळ्या रेषेच्या आत आहे का निळ्या आणि लाल रेषेच्या मधे हे नक्की कुठे बघायचं, आत असेल तर रिडेव्हलपमेंट होते तरी का, आणि खाली पार्किंग आलं की झालं असं खरंच असतं का? संमतीपत्रावर सही करायला पंधरा दिवस आहेत, प्लीज कुणी नीट सांगा.

आर्किटेक्ट_सदाशिव

मीनलताई, बेसिकपासून सांगतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही ठरवतो जलसंपदा विभाग, महापालिका नाही, महापालिका त्या रेषा आपल्या नकाशावर उतरवून घेते. नियम २०२० च्या यूडीसीपीआरमधे, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहे. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे नवीन बांधकाम नाही, बाग, लॉन, उघडी भाजी मंडई, पार्किंग, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प असलं काही चालतं. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे बांधता येतं पण लाल रेषेच्या पातळीच्या वर ०.४५ मीटर उंचीवर.

आता तुमच्या कामाचं. निळ्या रेषेच्या आत जुनी इमारत असेल तर रिडेव्हलपमेंटला वाट आहे, पण फक्त *अधिकृत* इमारतीला, तीही लाल पातळीच्या वर ०.४५ मीटर आणि जलसंपदाच्या ना हरकत पत्रासह. म्हणून पहिल्यांदा सोसायटीच्या कपाटातून जुना मंजूर नकाशा, एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती झाल्याचा आदेश) आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायची परवानगी) बाहेर काढा. त्या बाजूची बरीच गावं १९९७ ला पालिकेत आली, त्याआधीचं बांधकाम असेल तर परवानगी नक्की कुणाची हे बघावंच लागेल. बिल्डर हे सांगत नाहीत कारण त्यांना आधी तुमची सही हवी असते. शिवाय प्लॉटचा जो भाग रेषेत जातो त्याचा एफएसआय (बांधकामाचं परवानगी असलेलं क्षेत्रफळ) उरलेल्या भागावर वापरता येतो, मग नदीकडे मोकळं ठेवून रस्त्याच्या बाजूला उंच बिल्डिंग का नाही हे त्यांना जरूर विचारा.

झोन दाखला आणि भाग नकाशा महापालिकेत अर्ज करून मिळतो.

निवृत्त_ओव्हरसियर

वरच्यांनी बरोबर लिहिलंय पण एक गोष्ट सुटली. नकाशावरची रेघ बघून समाधान मानू नका, *पातळी* मागा. लोकांना वाटतं लाल रेषा म्हणजे सगळीकडे एकच उंची, तसं नसतं, नदीला उतार आहे, त्यामुळे प्रत्येक क्रॉस सेक्शनला (नदीच्या आडव्या छेदाला) पातळी वेगळी, वरच्या अंगाला जास्त खालच्या अंगाला कमी, मधे पूल आला की पाणी मागे फुगतं ते वेगळंच. तुमच्या प्लॉटच्या सगळ्यात जवळच्या क्रॉस सेक्शनची निळी पातळी आणि लाल पातळी, दोन्ही मीटरमधे, लेखी मागायच्या. मंगळवार पेठेत सिंचन भवनला अर्ज टाका, उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार, १० रुपयांचा स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत द्यायलाच लागतं. पंधरा दिवसांत सही नकोच मग.

आणि बाबांची ती रेघ पुसू देऊ नका, तीच तुमचा खरा पुरावा. खासगी सर्व्हेअर बोलवा, लेव्हल मशीन लावून जवळच्या पक्क्या बेंचमार्कवरून (उंची आधीच ठरलेल्या खुणेवरून) त्या रेघेची समुद्रसपाटीपासूनची उंची काढून घ्या, एका सकाळचं काम आहे. मग कागदावरची निळी पातळी शेजारी ठेवा. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकला (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) आणि लाल १ लाखाला धरलेली आहे, आणि २०२४ ला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी ३५ हजाराच्या आसपास होतं. म्हणजे तुमची रेघ कागदावरच्या निळ्या पातळीच्या बरीच खाली यायला हवी. जवळपास किंवा वर आली तर समजायचं की नदीत राडारोडा टाकून पात्र अरुंद झालंय किंवा वाटेतल्या ओढ्यांचं पाणी धरलेलं नाही, आणि मग त्या कागदावरच्या पातळीवर ०.४५ मीटर चढवून बांधलेली बिल्डिंग सुरक्षित म्हणायला मी तरी तयार नाही.

खडकवासला धरण जेमतेम दोन टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं), वरच्या पानशेत-वरसगाव धरणांच्या पुढ्यात ते म्हणजे तांब्या. भरलं की सोडावंच लागतं आणि सोडायची वेळ हमखास रात्रीची येते.

ओढ्याकाठचे_देशपांडे

आम्ही आंबिल ओढ्याजवळचे, २५ सप्टेंबर २०१९ ची पुराची रात्र बघितलेले. पार्किंगचं सांगतो. माणसं वर राहतात हे खरं पण मीटर रूम, लिफ्टचा खड्डा, खालची टाकी, पंप, जनरेटर हे सगळं पार्किंगमधेच असतं. आमच्या नात्यातल्या एका नवीन बिल्डिंगमधे पाणी घरात नाही आलं, पण मीटर बुडाले, लिफ्ट बंद, आठ दिवस वीज नाही, आजीला खुर्चीत बसवून पाच मजले उतरवलं. तेव्हा करारात लिहून घ्या की मीटर आणि पंप लाल पातळीच्या वर, आणि बेसमेंट नको म्हणजे नकोच.

मुठेकाठची_मीनल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. काल सोसायटीचं कपाट उघडलं, एनए ऑर्डर आणि मंजूर नकाशा मिळाला, भोगवटा पत्र सापडत नाहीये, जुन्या सेक्रेटरी काकांकडे असेल म्हणून आज संध्याकाळी त्यांच्याकडे जातेय. सिंचन भवनला पातळीसाठी अर्ज दिला, पोच घेतली. कमिटीला लेखी कळवलं की दोन्ही पातळ्या हातात आल्याशिवाय आमची सही नाही, आणि आश्चर्य म्हणजे तळमजल्यावरच्या उरलेल्या तिघांनीही तेच लिहून दिलं, त्यातले एक तर आजपर्यंत माझ्याशी वाद घालत होते.

शनिवारी सर्व्हेअर येतोय. बाबांना सांगितलं की तुमची रेघ मोजायची आहे, तर त्यांनी कालच फ्रीज पुढे ओढून ठेवलाय.

ओव्हरसियर काका, अजून एक, आमच्या भागातला पक्का बेंचमार्क कुठला धरायचा, सर्व्हेअर म्हणतो मी माझा घेतो, पण जलसंपदाच्या पातळीशी जुळायला त्यांचाच लागेल ना?

निवृत्त_ओव्हरसियर

हो, त्यांचाच लागेल. दिलेल्या अर्जाला जोडून आणखी एक ओळीचं पत्र द्या, 'सदर पातळ्या कोणत्या बेंचमार्कवरून घेतल्या त्याचं ठिकाण व उंची कळवावी'. तोपर्यंत सर्व्हेअरला म्हणावं तुमच्या बेंचमार्कवरून मोजा, पण जवळच्या पुलाच्या कठड्यावर एक पक्की खूण करून तिचीही उंची घेऊन ठेवा, नंतर फरक काढून जुळवता येतं. आणि मोजताना बाबांना जवळ उभं करा, रेघ कुणी आणि कधी मारली ते रिपोर्टमधे त्यांच्या सहीने येऊ दे.