‘देवावर भार टाक आणि पुढं हो’ : हे सांत्वन की गप्प बसवणं?

हरिपूरची सून
मिस्टर जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीचा सौदा आटपून आले, चपला काढायला कट्ट्यावर बसले ते उठलेच नाहीत. वय ४४. शर्टाच्या खिशात नमुन्याची चार हळकुंडं निघाली, ती देवघरात ठेवलीत.

दहाव्यापासून एकच ऐकतेय, देवाची इच्छा, त्याच्यावर भरवसा ठेव. ठेवलाय की! दर सोमवारी संगमेश्वराला जाते. पण हेच सांगणाऱ्यांनी परवा पुतणीच्या हळदीला मला आतल्या खोलीत बसवलं. भरवसा मी ठेवायचा आणि अपशकुनाला भ्यायचं तुम्ही?

कंदीपेढा, सातारा
गप्प बसवणंच आहे, ताई. देवाची इच्छा म्हटलं की कारण कुणी विचारत नाही. आम्ही डॉ. दाभोलकरांच्या गावचे. देवाला विरोध नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे त्यांच्या समितीनं किती वेळा सांगितलं. ४४ म्हणजे जायचं वय नव्हे. बीपी कधी तपासलं होतं का?

लोणंदचा टाळकरी
पेढेवाले, हा प्रश्न आत्ता कशाला? तुकोबांची थोरली बायको आणि पोरगा दुष्काळात गेला, तरी त्यांनी विठ्ठल सोडला नाही.
माझा मुलगा गेला त्या वर्षी वारी करायची नाही असं ठरवलं होतं. नीरास्नान झालं, माऊलींची पालखी पाडेगावात आली, मी बघ्यांत उभा. दिंडीतल्या एकानं आपले टाळ माझ्या गळ्यात अडकवले आणि पुढं गेला. बोलला काहीच नाही. त्याचे टाळ परत द्यायचे म्हणून चालत राहिलो. तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं तेव्हा कुठं रडू आलं. भरवसा मला एवढाच कळतो.

कंदीपेढा, सातारा
मग तो भरवसा देवावर की त्या टाळवाल्यावर?

लोणंदचा टाळकरी
तुम्हाला वेगळे दिसतात, मला नाही.

कराडकर
मुलगा गेल्याची बातमी आली तरी गाडगेबाबांनी कीर्तन थांबवलं नाही, हे आमच्याकडं प्रत्येक मयतीला कुणीतरी सांगतंच. बाबांचं बाबांना शोभलं. दुसऱ्याच्या पोराच्या चितेपाशी ते सांगायला तुम्ही कोण?

मिरजेचे काका
सूनबाई, घरच्यांना एवढं बोलू नये. समारंभात तुम्हालाच भरून येईल म्हणून आत बसवलं असेल. रीत असते, म्हातारी माणसं दुखावतात. देवावर सोडावं.

कुरुंदवाडची मावशी
काका, रीत मोडतेसुद्धा. आमच्या शिरोळ तालुक्यात हेरवाडनं मे २०२२ मध्ये ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. (ठराव झाला म्हणून जावा सुधारतात असं नाही, माझ्या दोन्ही तशाच आहेत.)

हरिपूरची सून
सगळ्यांना एकदमच लिहिते.

पेढेवाले दादा, तपासलं नव्हतं. सौद्याच्या दिवसांत वेळ नसायचा, मीही मागं लागले नाही. रात्री तेच डोक्यात घोळतं. ‘देवाची इच्छा’नं मला राग येतो, तुमच्या प्रश्नानं झोप जाते. त्यापेक्षा रागच बरा.

काका, पुतणीला लावलेली हळद आमच्याच घरची होती. आदल्या दिवशी मीच कुटली. हात दोन दिवस पिवळे होते. ते कुणाला चाललं, मी अंगणात आलेली चालली नाही. यात देवावर काय सोडू?

टाळकरी काका, त्या माणसाचे टाळ परत दिलेत का?

लोणंदचा टाळकरी
पंढरपुरात शोधला, सापडला नाही. घरीच आहेत.

हरिपूरची सून
बरं. उद्या सौदा आहे, आता मीच जाते. हळकुंड मोडून आतला रंग बघायला यांनीच शिकवलं होतं. बाकीचं आल्यावर वाचते.