जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडू नका
एकांनी विचारलंय की लाईट गेल्यावर छोटा जनरेटर दोन्हीकडे पिन लावलेल्या वायरने घरातल्या सॉकेटला जोडला तर चालेल का. कृपया अजिबात करू नका. एक टोक निसटलं तर उघड्या पिनेत करंट असतो, हा झाला तुमचा धोका. दुसऱ्याचा त्याहून मोठा. मेन स्विच चालू राहिला की तुमचे 230 व्होल्ट मीटरमधून उलटे बाहेर पडतात. डीपीपर्यंत, म्हणजे आपल्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचले तर तोच ट्रान्सफॉर्मर त्यांचे हजारो व्होल्ट करतो, आणि वर 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) लाईनवर वायरमन काम करत असतो, लाईन बंद आहे या भरवशावर. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा ही माणसं भर पावसात खांबांवर होती. 'मेन बंद करायचं लक्षात ठेवतो' यावर विसंबू नका, इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या.

जनरेटर पडवीतही नको. धूर घरात शिरतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अजून एक. तुमच्याकडचा बल्ब एकदम लख्ख आणि शेजारचा मिणमिणता दिसला तर न्यूट्रल (करंट परत जाण्याची तार) तुटल्याची शक्यता मोठी. लगेच मेन पाडा, मग 1912 या वीज तक्रारीच्या नंबरला फोन. पडलेली तार मात्र गावभर अंधार असला तरी चालूच समजा, आणि गुरंही लांबूनच अडवा.