विशीला, म्हणजे गुंडाप्पा विश्वनाथला, विसरू नका
बाद दिलेल्या प्रतिस्पर्धी फलंदाजाला कर्णधाराने खिलाडूपणे परत बोलावल्याचा विषय निघाला, की धोनी आठवतो: त्याने २०११ साली ट्रेंट ब्रिजवर इंग्लंडच्या इयान बेलला परत बोलावलं. पण त्याच्याही आधी गुंडाप्पा विश्वनाथ! फेब्रुवारी १९८०, वानखेडेवरची भारतीय क्रिकेट बोर्डाची सुवर्णमहोत्सवी कसोटी, इंग्लंडविरुद्ध. इंग्लंड ५ बाद ५८. कपिलच्या चेंडूवर बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. तो घुटमळला, बॅट लागलीच नाही म्हणाला. कर्णधार विशीने चक्क अपील मागे घेतलं. मग टेलर-बोथम जोडीने १७१ धावा कुटल्या आणि आपण १० गडी राखून हरलो. तरी खापर विशीवर फोडणं मला पटत नाही. बोथमने शतकासोबत १३ बळीही घेतले होते. कर्णधार म्हणून विशीची ही दुसरीच कसोटी, आणि शेवटचीही.