भिंग घ्या, मग पाकीट उघडा

एकाने विचारलंय की फुलांचं फोटोग्रॅव्हुर, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून शाईने छापलेला फोटो, हाताने छापलेलं की छापखान्यात मशीनवर, कसं ओळखायचं. प्लेटची खूण, म्हणजे चित्राभोवती कागदावर उमटलेला प्लेटच्या कडांचा दाब, बघा, असं उत्तरही आलंय. पण नुसत्या खुणेवर जाऊ नका. तसा दाब ऑफसेटच्या, म्हणजे नेहमीच्या मशीन-छपाईच्या, चित्राभोवतीही मुद्दाम उठवता येतो. मी स्वतः एकदा जुन्या बाजारात तसाच फसलोय. रविवारची गर्दी, उत्साह, आणि भिंग घरी!

दहापटीचं भिंग लावा. ऑफसेटमध्ये ठिपक्यांची रांगोळी दिसते, रोटोग्रॅव्हुरमध्ये, म्हणजे ग्रॅव्हुरच्या फिरत्या सिलिंडरवरच्या मशीन-छपाईत, बारीक जाळी. हाताच्या फोटोग्रॅव्हुरमध्ये, म्हणजे कार्ल क्लीचने १८७९ च्या सुमारास बसवलेल्या पद्धतीत, तांब्यावर राळेची पूड असते, म्हणून कण आडवेतिडवे पडतात. शिवाय जिथे प्लेट खोल कोरली जाते तिथे शाई जास्त बसते, त्यामुळे पाकळीच्या घडीतला काळोख मखमली वाटतो.

वनस्पतींचे फोटो काढणाऱ्या जर्मन कार्ल ब्लॉसफेल्टच्या १९२८ च्या पुस्तकाची सुटी पानंही विकायला येतात. ती ग्रॅव्हुरच, पण पुस्तकाचं पान म्हणूनच भाव करा.

आणि पुण्यातल्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगू नका. माउंट, म्हणजे फ्रेममधला चित्राभोवतीचा पुठ्ठा, आम्लरहितच हवा. फ्रेमवाला ‘चालतंय हो’ म्हणेल, ऐकू नका.