मदत हवी आहे: आईला जॉली बॉय बेटावर नेणं जमेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीचे, जानेवारीत अंदमानला निघालोय. हॅवलॉक-नील सगळेच करतात. माझा जीव अडकलाय तो वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात. १९८३ पासूनचं हे उद्यान. पावसाळ्यात रेड स्किन बेट खुलं असतं, हिवाळ्यात जॉली बॉय. सोमवारी बंद, म्हणून मंगळवार धरलाय.

प्रश्न आईचा. वय ६८, गुडघे कुरकुरतात. बेटावर धक्का नाही, मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या छोट्या होडीत उतरून किनारा गाठायचा. रायबंदर-चोडण फेरीबोटीत ती पदर खोचून माझ्या आधी चढते, पण तिथं सरळ रॅम्प असतो हो! इथं हाताला धरायला कुणी असतं का? होडी फार डुलते का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.

वनखात्याचा परवाना पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, पोचल्यावर काढला तर चालेल का? एजंटाचा भाव ऐकून माझं डोकं गरगरलं.

आणि प्लॅस्टिकला बंदी आहे, ती योग्यच. जेवण स्टीलच्या डब्यात नेऊ, पण आईच्या औषधांच्या पाकिटांचं काय? तपासणीत अडवतात का?